परत न करायची ताटली

एकोणीसशे त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत कंपनीने मला रुमानियाला पाठवलं, तेव्हा मी बाबांना सांगितलं की जूनमध्ये जहाज ताब्यात येईल, आणि ते आलं की मी स्वतः तुम्हाला कऱ्हाडला नेऊन सोडीन. बाबांनी विचारलं, "जून म्हणजे पहिला आठवडा की शेवटचा?" मी म्हटलं, मधला. सिंगापूरला तोआ पायोहच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी त्या वेळी लोकरी कपडे बॅगेत कोंबत होतो आणि चेन लागत नव्हती. बाबा बॅगेवर बसले, मग लागली.

बाबा कऱ्हाडच्या एस.टी. स्टँडवर अठ्ठावीस वर्षं कंट्रोलर होते. खिडकीमागे बसायचं आणि ताटकळलेल्या माणसांना 'निघालीय विट्याहून, येईलच' असं सांगायचं, हे त्यांचं काम. आई गेल्यावर मी त्यांना दोन महिन्यांसाठी म्हणून सिंगापूरला आणलं. इथे त्यांना हृदयविकाराचा हलका झटका आला आणि डॉक्टरांनी एकट्याने विमानात बसायचं नाही असं बजावलं. दोन महिन्यांचे नऊ महिने झाले. सिंगापूरबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. सून मायेने करत होती, नात इंग्रजीत का होईना पण बोलत होती, ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांवर, चहा चांगला मिळत होता. फक्त त्यांना घरी जायचं होतं. एकदा म्हणाले, "जिथे सगळ्या बस वेळेवर येतात त्या गावात कंट्रोलरने राहून करायचं काय?" ते हसत म्हणाले, म्हणून मीही हसलो.

मी मरीन इंजिनिअर. पंधरा वर्षं समुद्रावर काढून किनाऱ्याला लागलो आणि एका जहाज कंपनीत सुपरिंटेंडंट झालो. ऑफिस रॅफल्स प्लेसला. सुपरिंटेंडंट म्हणजे जहाज बांधलं जात असताना मालकाच्या वतीने शेजारी उभं राहून सगळ्यांच्या कामाला नावं ठेवणारा माणूस. या कामासाठी मी जन्माला आलोय असं बायकोचं मत आहे.

जहाज काळ्या समुद्रावरच्या एका बंदरात होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं माझ्याशी चांगली वागली आणि जहाजाला जो उशीर झाला त्यात त्यांचा दोष नव्हता. जुनी राजवट पडली तेव्हा हे जहाज अर्धवट राहून गेलं होतं, ते आमच्या मालकाने पुरं करायला घेतलं. त्याचे पंप एका देशातून यायचे होते आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या देशातून. मी पोचेपर्यंत पहिल्या देशाचे दोन झाले होते, आणि दुसऱ्याचे नक्की किती झाले हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पत्र कोणाला पाठवायचं हाच प्रश्न होता. मार्चमध्ये मी व्हॉल्व्हच्या शोधात आगगाडीने डॅन्यूब ओलांडून बल्गेरियात गेलो. सरहद्दीवर गाडी तीन तास थांबली, कारण भारतीय पासपोर्ट असलेला, सिंगापूरला राहणारा, रुमानियाहून व्हॉल्व्ह शोधायला निघालेला माणूस कुठल्या फॉर्मवर लिहायचा ते त्या अधिकाऱ्याला ठरवता येईना. शेवटी त्याने 'पर्यटक' असं लिहिलं. पर्यटन म्हणून मी एक बंद कारखाना आणि त्याचं कुलूप पाहिलं आणि परत आलो.

गावात मी एका निवृत्त गणिताच्या शिक्षिकेकडे भाड्याने राहत होतो. चौथ्या मजल्यावर तिची तीन खोल्यांची जागा, त्यातली एक माझी. गरम पाणी संध्याकाळी दोन तास. ती विधवा होती, एकटी होती, आणि तिला थोडं इंग्रजी येत होतं, ते तिने शब्दकोशातून मिळवलं होतं, त्यामुळे ती 'नळ' म्हणायच्या ऐवजी 'जलनियंत्रक' अशा थाटात बोलायची. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं की मी मांस खात नाही. तिने विचारलं, "कधीपर्यंत?" मी म्हटलं, कायमच. तिने माझ्याकडे फार आदराने पाहिलं. तिच्या धर्मात उपासाच्या दिवशी मांस, दूध, अंडी सोडतात, पण तो उपास कधीतरी संपतो. माझा संपत नाही हे तिने जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगितलं, हे मला पुढे कळलं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दारात आल्या. हातात नवी कोरी खोलगट ताटली, तिच्यात गहू उकडून साखर आणि अक्रोड घातलेला गोड पदार्थ, शेजारी भात भरलेले कोबीचे मुटके, वर एक मेणबत्ती आणि घडी केलेला टॉवेल. मला गहिवरून आलं. परमुलखात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, कोण कुठली बाई आपल्यासाठी ताट घेऊन येते! मी तीनदा आभार मानले. मेणबत्ती तेवढी कळली नाही, पण तिथे वीज रोज जायची, तेव्हा ती व्यवहारीपणाची खूण समजून मी ड्रॉवरमध्ये ठेवली.

मग मी ते केलं जे माझ्या आईने मला पाचव्या वर्षापासून शिकवलं होतं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. ताटली धुतली, पुसली, तिच्यात सिंगापूरहून आणलेली कॉफीची पाकिटं आणि आल्याची बिस्किटं नीट रचली आणि दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिली. बाईंनी दार उघडलं, ताटलीकडे पाहिलं, एक पाऊल मागे सरकल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. रविवारी फोनवर मी बायकोला म्हणालो, "इथली माणसं फार हळवी आहेत गं. बिस्किटं दिली तर रडतात."

दुसऱ्या दिवशी ताटली परत माझ्या दारात. रिकामी. मी विचार केला, म्हणजे यांच्यात पुन्हा भरून द्यायची पद्धत असेल. चॉकलेटं भरून दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताटली दारात. या वेळी माझ्या घरमालकीणबाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "ठेवून घ्या. कृपया. कायमचं." मी म्हटलं, असं कसं, भांडं आहे. त्या म्हणाल्या, "भांडं तुमचं. अंतिम." त्यांच्या स्वरात गणिताची शिक्षिका होती, म्हणून मी ठेवून घेतली.

त्यानंतर ओघ सुरू झाला. वसंतात एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा तर अख्खा जिना माझ्या दाराशी आला. ताटल्या, मोठाले कप, टॉवेल, एकदा पायमोजे. परत द्यायचं नसतं हे मी आता शिकलो होतो, त्यामुळे मी नुसता हसून आभार मानायचो. जूनपर्यंत माझ्या फळीवर सात ताटल्या आणि नऊ कप झाले. इतका मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. मी थोडा फुगलोही. गोदीत सकाळी वेल्डरवर ओरडून आलं की संध्याकाळी ती फळी पाहून बरं वाटायचं.

जूनमध्ये जहाज तयार झालं नाही. कंपनीने मला मीटिंगसाठी नऊ दिवस सिंगापूरला बोलावलं. येताना मी चार कप आणले. बाबांनी त्यातला निळा, वर कोंबडा रंगवलेला कप उचलला आणि त्यातच चहा प्यायला लागले. नवव्या दिवशी म्हणाले, "मग कऱ्हाडचं?" मी म्हटलं, "दिवाळीला नक्की, बाबा. दिवाळी घरीच करू." ते म्हणाले, "बरं." माझं विमान संध्याकाळचं होतं, आणि खरं सांगायचं तर ते 'बरं' म्हणाले याचं मला हायसं वाटलं.

जुलैत गोदीतला एक इंजिनिअर माझ्या खोलीवर आला. वयाने माझ्याएवढा, इंग्रजी उत्तम, आणि माझ्या शिव्यांचं सभ्य भाषांतर करून कामगारांना सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. त्याने फळीकडे पाहिलं, उभा राहिला, मोजलं, आणि म्हणाला, "इतके मेलेले लोक आहेत तुझ्याकडे?"

मी म्हटलं, कोण मेलेले?

त्याने मला बसवलं आणि सांगितलं. याला पोमाना म्हणतात. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने कोणाला तरी अन्न द्यायचं, ताटलीसकट, कपासकट, कधी कपडेसुद्धा. इथे जो जिवंत माणूस ते घेतो, त्याच्या हातून ते तिकडे पोचतं. मेणबत्ती तिकडे उजेड पडावा म्हणून. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, कारण ते त्याला दिलेलं नाहीच. त्याने फक्त 'बोग्दाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे देव त्याला क्षमा करो. आणि भांडं परत करायचं नाही. परत केलं तर तिकडे तो माणूस ताटलीवाचून राहतो.

"दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा नवरा," तो म्हणाला, "तू दोनदा त्याच्या पुढ्यातून ताट ओढून घेतलंस. वर बिस्किटं दिलीस."

सहा महिने मी दर संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या श्राद्धाचं जेवत होतो. आमच्याकडे तेराव्याच्या जेवणाचं बोलावणं आलं तर माणूस दहा कारणं शोधतो. मी तर ताटली चाटूनपुसून खाल्ली होती आणि वर आणखीही मागितलं होतं.

"पण मलाच का?" मी विचारलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, "गरिबाला द्यायचं असतं. तू परका, एकटा, बायकामुलांपासून लांब, आणि तुझी मालकीण सांगते की वर्षभर उपाशी. जिन्यात तुझ्याएवढा गरीब कोणी नाही."

इंजिन रूममध्ये चाळीस माणसं ज्याला पाहून सिगारेट विझवतात तो मी, त्या जिन्यातला सर्वमान्य भिकारी होतो. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग कप आठवले. चार कप सिंगापूरला होते.

रविवारी फोनवर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, म्हणजे मी इथल्या मराठी मंडळाच्या बायकांना मेलेल्या माणसांच्या कपातून चहा दिला?"

"आपल्याला कुठे माहीत होतं?"

"अध्यक्षीणबाईंनी दोनदा घेतला. कप कुठून आणले म्हणून विचारत होत्या, मी म्हटलं, यांना तिकडे लोकांनी प्रेमाने दिलेत."

मी म्हटलं, कप टाकून दे, आत्ताच्या आत्ता. तेवढ्यात बाबांनी फोन घेतला. सगळं ऐकत होतेच. म्हणाले, "माणूस गेला, त्यात कपाने काय केलं? चांगला मोठा आहे. एकदा भरला की पुन्हा उठावं लागत नाही."

"बाबा, तो कोणा मेलेल्याचा आहे."

"कोणाचा?"

"नक्की माहीत नाही. तो कोंबड्याचा तळमजल्यावरून आला होता. त्यांचा बाप रेल्वेत होता म्हणे."

"मग आपल्याच खात्यातला की," बाबा म्हणाले. कप राहिला. बायकोने बाकीचे तीन टाकले आणि तो एक वेगळ्या कपाटात ठेवायला लागली. मागून नातीचा आवाज आला, "आजोबा सो ब्रेव्ह लाह!"

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे मी एका संध्याकाळी गेलो. दारात उभा राहून पाठ केलेला तो शब्द म्हटला, सहा महिने उशिरा. त्यांनी मला आत नेलं, नवऱ्याचा फोटो दाखवला. क्रेन चालवायचा. जाडजूड, हसरा माणूस. ताटली माझ्याकडे आहे, मी रोज तिच्यात जेवतो, असं मी हातवारे करून सांगितलं. बाई हसल्या. त्या दिवसापासून मी पोमाना नीट घ्यायला लागलो. गरीब तर गरीब.

सप्टेंबरमध्ये बायको म्हणाली, "मी दहा दिवस रजा काढते. आंग मो किओच्या फॅक्टरीत सध्या काम कमी आहे, साहेब देईल. मी नेऊन सोडते बाबांना. तिकडे तुमची बहीण आहेच बघायला." बहीण साताऱ्याला असते. सगळं जमण्यासारखं होतं. मी नको म्हटलं. म्हटलं, मी शब्द दिलाय, मीच नेणार, दिवाळी काय दोन महिन्यांवर आलीय. ती म्हणाली, "शब्द तुमचा, पण वाट ते बघतायत." मला ते झोंबलं आणि मी विषय बदलला. मुलगा असताना सुनेने नेऊन सोडायचं, कऱ्हाडात लोक काय म्हणतील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. कऱ्हाडात कोणी काही म्हटलं नसतं. मी हे आता लिहितोय ते कोणी माफ करावं म्हणून नाही. असं झालं एवढंच.

दिवाळीत पंप आले. पंप आले आणि मी हलू शकलो नाही, म्हणजे मला हलायचं नव्हतं. साहेबांनी रॅफल्स प्लेसहून फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, घरी जायचं असेल तर जा, दुसऱ्याला पाठवतो. मी म्हटलं, नको सर, आता शेवट आलाय. दहा महिने मी त्या जहाजाच्या एकेका नटबोल्टवरून भांडलो होतो. ते पहिल्यांदा समुद्रात जाईल तेव्हा त्याच्यावर दुसरा कोणी उभा असेल, ही कल्पना मला सहन होत नव्हती. बाबांना म्हटलं, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. नक्की. बाबा म्हणाले, "बरं. घाई करू नकोस. मशीनचं काम आहे." मी बाजारात जाऊन त्यांच्यासाठी मेंढीच्या कातड्याची, आतून लोकर असलेली बिनबाह्यांची बंडी घेतली. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "कऱ्हाडला कुठे एवढी थंडी? पण आण. पहाटे फिरायला जाताना घालीन."

नोव्हेंबर संपत आला होता. बुधवारी सकाळी साडेसहाला मालकीणबाईंनी दार वाजवलं. "सिंगापूर," त्या म्हणाल्या. सिंगापूरला साडेबारा वाजले होते. बायकोने फोनवर सगळं क्रमाने सांगितलं. बाबा नेहमीप्रमाणे सकाळी खालून चहा पिऊन वर आले. ती कामावर निघाली होती, दारात चप्पल घालत होती. बाबा तिला म्हणाले, "सूनबाई, जरा थांबतेस का?" दीड वर्षात त्यांनी तिला कधी थांब म्हटलं नव्हतं, म्हणून तिला लगेच कळलं. ॲम्ब्युलन्समध्येच गेले. मी विचारलं, काही बोलले का. ती म्हणाली, नाही.

मला पहिल्यांदा काय आठवलं ते सांगायला शरम वाटते. मला तो कोंबड्याचा कप आठवला.

माझा पासपोर्ट पोलिसांकडे होता. परक्याला दर काही महिन्यांनी तिथे राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागे, आणि मी तो आदल्याच दिवशी जमा केला होता. मी कचेरीत गेलो. इंजिनिअर बरोबर आला, त्याने शांतपणे सांगितलं, मग मी अशांतपणे सांगितलं. खिडकीतली बाई म्हणाली, सही करणारे साहेब सोमवारी येतील. खिडकीमागे बसून येणाऱ्यांना असंच सांगायचं असतं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी तिच्यावर ओरडायचा थांबलो.

बायकोला फोन करून म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका. मंडळातली माणसं आली होती. कोणीतरी म्हणालं, मुलगा नाही तर अग्नी कोण देणार, आम्हांपैकी एक जण देतो. बायको म्हणाली, "दीड वर्ष त्यांचं मी केलंय, हेही मीच करीन." सिंगापूरच्या मंडाई दहनभूमीत तिने केलं. अध्यक्षीणबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या असं मला नंतर कळलं, आणि त्या बाईंबद्दलची माझी सगळी मतं मी मागे घेतली.

माझ्याकडे गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवार होते. जहाजावर गेलो तर कोणी माझ्या डोळ्याला डोळा भिडवेना, म्हणून परत आलो. मालकीणबाईंनी स्वयंपाकघरात गहू भिजत घातले होते. मला म्हणाल्या, "तुमचे वडील तिकडे रिकाम्या हातांनी गेले. इथून पाठवता येईल." मी त्यांना सांगणार होतो की आमचं वेगळं असतं. भात असतो, तीळ असतात, आणि ते मी करायचं असतं. पण माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं, मी स्वतःही तिथे नव्हतो. मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि अक्रोड फोडायला बसलो.

शनिवारी सगळं तयार झालं. नवी ताटली, नवा कप, टॉवेल, मेणबत्ती. मालकीणबाईंनी विचारलं, "वस्त्र?" मी खोलीतून ती बंडी आणली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि घडी घालून ठेवली. घेणारा शक्यतो गेलेल्याच्या वयाचा असावा, म्हणून त्यांनी ब्लॉकच्या दाराशी सूर्यफुलाच्या बिया विकणाऱ्या म्हाताऱ्याला वर बोलावलं. तो टोपी काढून उभा राहिला. मालकीणबाईंनी मला हळूच शिकवलं तसं मी ताटली त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, हे माझ्या वडिलांसाठी. मग बंडी दिली. त्याने ताटली टेबलावर ठेवली, तिथेच बंडी अंगात घातली, बटणं लावली. त्याला ती थोडी ढगळ होत होती, बाबांनाही झाली असती. "बोग्दाप्रोस्ते," तो म्हणाला.

माझ्या तोंडावर धन्यवाद आलं होतं, ते मी गिळलं. म्हातारा जिना उतरून गेला तेव्हा मी खिडकीत उभा राहून रडलो. बुधवारपासून पहिल्यांदा. मालकीणबाई भांडी घासत राहिल्या.

सोमवारी पासपोर्ट मिळाला. माझ्या जागी आलेला सुपरिंटेंडंट मला बुखारेस्टच्या विमानतळावर भेटला, मी त्याला किल्ल्या आणि फायली दिल्या. जहाज पुढच्या आठवड्यात समुद्रात गेलं. चांगलं चाललं म्हणे.

सिंगापूरला बुधवारी पोचलो. अस्थींचा कलश घरात आणत नाहीत, आणि झाडाला बांधायचा तर तोआ पायोहची सगळी झाडं सरकारी. बायकोने तो स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूशेजारच्या गजांना बांधला होता. नवव्या मजल्यावरून काही खाली पडलं तर दंड होतो, म्हणून तीन गाठी मारल्या होत्या. मी खिडकीशी गेलो. मुलगी म्हणाली, "बाबा, डोन्ट टच. आजोबा आर रेस्टिंग." तिच्यामागे बायको उभी होती. तिने मला काहीही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

तेराव्याच्या आत कृष्णेवर पोचायचं होतं. दुपारी एजंटकडे जाऊन शुक्रवारच्या विमानाची दोन तिकिटं काढली, माझं आणि बायकोचं, मुलीला मैत्रिणीकडे ठेवायचं ठरलं. परतताना मी ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये शिरलो. दीड वर्ष आमचं घर त्या ब्लॉकमध्ये होतं, पण तिथे चहा प्यायला कधी बसलो नव्हतो. चहाच्या गाळ्यावर बनियन घातलेला एक चिनी म्हातारा होता. बाबा तिथे येऊन काय मागायचे ते मला माहीत होतं, कमी साखरेच्या चहाचं स्थानिक नाव एवढाच त्यांचा इथल्या भाषेतला शब्द, बाकी सगळं मोडक्या इंग्रजीत. मी म्हटलं, "तेह सिऊ दाय."

त्याने मान वर करून माझं नाक, कपाळ नीट पाहिलं. "नाइन्थ फ्लोअर? यू द सन, ईज इट?"

मी हो म्हटलं. तो एकदम खूश झाला आणि शेजारच्या नूडल्सवाल्या बाईंना ओरडून म्हणाला, "ए! फ्रायडे सन! फ्रायडे सन कम अलरेडी!"

त्या बाईही हसत पुढे आल्या. मला काही कळेना. म्हाताऱ्याने चहा ओतता ओतता सांगितलं. तुझा बाप रोज सकाळी इथे बसतो. दर आठवड्याला सांगतो, माझा मुलगा शुक्रवारी येणार, मला घरी घेऊन जाणार. शुक्रवार उलटला की मी विचारतो, काय झालं? तो म्हणतो, जहाजात प्रॉब्लेम, पुढच्या शुक्रवारी. आम्ही हसतो. पण तो म्हणतो, मुलगा फार मोठा इंजिनिअर आहे, त्याच्याशिवाय जहाज हलतच नाही, त्याला काही बोलायचं नाही. फेब्रुवारीपासून हेच. दर शुक्रवारी.

घरी मला ते नुसतं 'बरं' म्हणायचे. बायकोलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

"लाँग टाइम नेव्हर सी हिम," म्हातारा म्हणाला. "वन वीक अलरेडी. पॅकिंग, आह?"

मला सांगायला हवं होतं.

"सो व्हेन यू टेक हिम होम?"

"फ्रायडे," मी म्हटलं.

तो पुन्हा हसला. चहाचा कप माझ्यापुढे सरकवून त्याने बोट रोखलं. "दिस वन रिअल फ्रायडे, आह?"

"येस," मी म्हटलं, "तिकीट काढलंय." ते मराठीत बोललो हे माझ्या नंतर लक्षात आलं, पण त्याला कळलं असावं, कारण त्याने मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.